विंचू, पांढऱ्या पेशी आणि हृदयाचे ठोके : आपल्या महाडची एक जुनी गोष्ट

गेल्या पावसाळ्यात पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतल्या मावशी नातवाला घेऊन आल्या. पोरगा सतरा वर्षांचा, कबड्डी खेळणारा. तापातून उठला आणि आठवड्याभरात छातीत धडधड सुरू झाली. मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखं वाटतं म्हणाला. मोठ्या रुग्णालयातल्या तपासण्यांची फाइल सोबत होती. ईसीजीत अधूनमधून अवेळी पडणारे ठोके, रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, ट्रोपोनिन थोडं वाढलेलं आणि खाली शेरा : मायोकार्डायटिसची शंका. म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज.

मावशींनी दोन प्रश्न विचारले. पहिला असा, "डॉक्टर, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात ना? मग हृदयाच्या ठोक्याशी त्यांचं काय काम?" दुसरा प्रश्न त्यांनी पोराला बाहेर बसवून विचारला. त्या नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा, म्हणजे 1980 च्या आसपास, त्यांच्या बारा वर्षांच्या दिराला रात्री विंचू डसला होता. "त्याची पण अशीच छाती उडत होती. अंग घामानं भिजलेलं, हातपाय बर्फासारखे. डोलीतनं खाली आणला. तिथं सांगितलं, हार्टला सूज आली. सकाळपर्यंत गेला. आता याला पण तेच लिहिलंय."

शब्द तोच होता, पण आजार वेगळा होता. मावशींना दहा मिनिटांत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पण हा विषय दहा मिनिटांचा नाही. हृदय बिघडतं ते सुजेमुळे की आणखी कशामुळे, या प्रश्नावर आपल्या तालुक्यात एके काळी माणसांचे जीव अवलंबून होते, आणि त्याचं उत्तरही बऱ्याच अंशी इथेच सापडलं. म्हणून हा लेख.

आधी थोडं मागे जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या मारबुर्ग शहरात लुडविग आशॉफ नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. सांधेतापात म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हरमध्ये हृदयाच्या स्नायूत पेशींच्या बारीक गाठी दिसतात, हे त्यांनी 1904 मध्ये दाखवलं. आजही त्या गाठींना त्यांचंच नाव आहे. स्नायूत शिरलेल्या या पेशींच्या सुजेमुळेच हृदय थकतं का, हा त्या काळचा मोठा वाद. त्यांनी सुनाओ तवारा या जपानी तरुण डॉक्टरला मृतांची हृदयं तपासायला बसवलं. तवारांना आढळलं ते असं की सूज आहे, पण हृदय बंद पडण्याचा खुलासा करायला ती पुरेशी नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी हृदयातल्या विजेच्या वाटांचा माग काढला आणि 1906 मध्ये आपल्या ग्रंथात वरच्या व खालच्या कप्प्यांमधली ती बारीक गाठ दाखवून दिली, जिला आपण आज एव्ही नोड म्हणतो. वरच्या कप्प्यातला विजेचा संदेश इथे क्षणभर थांबतो आणि मग खाली जातो. हा थांबा बिघडला की हार्ट ब्लॉक होतो. सुजेचा शोध घ्यायला निघालेल्या माणसाला ठोक्यांची वाट सापडली, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. एव्ही नोडकडे शेवटी परत येऊ.

आता महाडकडे. आपल्याकडचा लाल विंचू दिसायला लहान. वितळलेल्या गुळासारखा रंग, काळ्या विंचवाच्या निम्माही नाही. पण जीव घेणारा तोच. जांभ्याच्या भिंतीतल्या फटी, कौलं, सरपण, गोवऱ्यांचा ढीग, पेंढ्याची उडवी ही त्याची घरं. उन्हाळ्यातल्या उकाड्याच्या रात्री आणि भातकापणीचे दिवस हे दंशाचे हंगाम. त्या काळी गावागावात विंचू उतरवणारे होते. विंचवाची वेदना इतकी सर्वपरिचित की नाथांनी त्यावर भारूड रचलं. काळ्या विंचवाची वेदना काही तासांनी आपोआपच उतरते, त्यामुळे उतरवणाऱ्याला यशही भरपूर मिळायचं. लाल विंचवाचं तसं नाही. वेदना कधी थोडीच असते, आणि मूल मात्र तासाभरात घामाघूम होतं, ओकतं, गार पडतं.

डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. ते मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचं आत्मचरित्र अनेकांनी वाचलं असेल. विंचवाने माणूस मरतो हे इथल्या लोकांना ठाऊक होतं, पुस्तकांत मात्र त्यावर उपचार म्हणावा असं काही नव्हतं. बावस्करांनी केलं ते साधं आणि कष्टाचं काम : रुग्णाच्या उशाशी बसून राहायचं. नाडी, रक्तदाब, श्वास, हातपायांचं तापमान, दर थोड्या वेळाने सगळं लिहून ठेवायचं. त्यातून एक क्रम दिसू लागला. आधी उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ, मुलग्यांमध्ये शिश्न ताठर होणं. नाडी कधी सुरुवातीला मंद, मध्येच चुकणारे ठोके, मग वेगवान. हातपाय गार. रक्तदाब चढलेला. आणि काही तासांनी खोकला, गुलाबी फेस, फुप्फुसात पाणी. हृदय धोक्यात येण्याआधी शरीर ही सूचना देतं, हे त्यांनी 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. महाडचं नाव त्या नियतकालिकात छापलं गेलं ते असं.

पण लक्षणं ओळखली तरी होतंय काय, हा प्रश्न उरतोच. जगात तेव्हा दोन विचार होते. त्रिनिदादमधून 1963 मध्ये विंचूदंशाच्या रुग्णांचं वर्णन आलं ते 'मायोकार्डायटिस' या नावाने. ईसीजी बदललेला, ठोके बिघडलेले, हृदय थकलेलं, तेव्हा तसं वाटणं स्वाभाविकच होतं. शिवाय रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या सापडत. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे दाह, दाह म्हणजे सूज, आणि सुजेवर औषध स्टेरॉइड. साखळी कशी छान जुळते बघा.

त्यातली पहिलीच कडी कच्ची होती. आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना पुष्कळ पांढऱ्या पेशी नुसत्या चिकटून बसलेल्या असतात. ॲड्रिनॅलिन उसळलं की त्या सुटून प्रवाहात येतात आणि मोजणीत आकडा फुगतो. जोरात धावून आलेल्या माणसाचं रक्त तपासलं तरी हे दिसतं. म्हणजे त्या वाढलेल्या पेशी आग लावणाऱ्या नव्हत्या; घंटा वाजली म्हणून जागच्या उठल्या होत्या.

घंटा कोण वाजवत होतं, याची खूण इस्रायलमधल्या बेरशेबा इथे मोशे गुएरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1960 च्या दशकातच मिळाली होती. तिथल्या पिवळ्या विंचवाचा दंश झालेल्या रुग्णांच्या लघवीत ॲड्रिनॅलिनच्या कुळातल्या द्रव्यांचे अंश वाढलेले सापडले. विंचवाचं विष मज्जातंतूंवरची सोडियमची दारं बंद होऊ देत नाही. तंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतात. आधी थोडा वेळ हृदयाला आवरणाऱ्या तंतूंचा जोर, म्हणून मंद नाडी आणि लाळ. मग ॲड्रिनॅलिन, नॉरॲड्रिनॅलिनचं वादळ. सगळ्या शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. डाव्या कप्प्याला बंद नळातून पाणी ढकलावं तसं रक्त ढकलावं लागतं. ते साठतं आणि मागे फुप्फुसात उतरतं.

हे मान्य केलं की उपचार पार उलटे होतात. त्या काळी घाम आणि लाळ थांबवायला ॲट्रोपिन देत. ॲट्रोपिन हृदयाचा ब्रेक काढून घेतं, मग वादळाला आडकाठीच उरत नाही. स्टेरॉइड ॲड्रिनॅलिनचा परिणाम वाढवतं. ठोके जलद म्हणून बीटा ब्लॉकर दिला तर आवळलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. गुंगी आणणारं मिश्रणही देत, त्याने रुग्ण शांत दिसायचा, एवढंच. म्हणजे प्रत्येक औषधाला आपापलं तर्कशास्त्र होतं आणि सगळी मिळून रुग्णाला खड्ड्याकडे नेत होती. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणं हीच गरज होती.

पुण्याहून एमडी होऊन महाडला परतल्यावर बावस्करांनी आधी नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते शिरेतून थेंब थेंब द्यावं लागतं, डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. खेड्यात ते सगळ्यांना कसं जमणार? मग त्यांची नजर प्राझोसिनवर गेली. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. ती नेमके तेच अल्फा नावाचे खटके बंद करते ज्यांच्यावर नॉरॲड्रिनॅलिन बोट ठेवतं. 1986 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या नोंदींनुसार पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण 3 टक्क्यांच्या खाली आलं, पुढे आणखी कमी झालं. किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, गरजेप्रमाणे काही तासांनी पुन्हा, आणि रुग्णाला उठू द्यायचं नाही, कारण रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते. (हे डॉक्टरांसाठी लिहितोय. घरी रक्तदाबाच्या गोळ्या आहेत म्हणून कुणी मुलाला देऊ नये.)

आता माझी एक गोष्ट. मी इंटर्न होतो तेव्हा हे सगळं छापून येऊन सात-आठ वर्षं झाली होती. माझी नेमणूक होती तिथे, नाव लिहीत नाही, विंचूदंशाचा कागद भिंतीवर चिकटवलेला होता : ॲट्रोपिन, हायड्रोकॉर्टिसोन, ॲविल. एका रात्री आठ वर्षांची मुलगी आली, घामाने निथळणारी. मी कागद वाचला आणि तिन्ही इंजेक्शनं दिली. घाम सुकला, मला बरं वाटलं. मी तिच्या आईला म्हणालो, आता आराम पडेल. पहाटे चारला तिच्या फुप्फुसात पाणी झालं. ती वाचली, कारण माझ्या वरच्या बाईंना प्राझोसिन माहीत होतं आणि त्यांनी स्वतःच्या पर्समधून गोळी काढली. मावशींच्या दिराला अशी पर्स मिळाली नाही, आणि त्याच्या वेळी ती गोळी कुणाच्याच पर्समध्ये नसणार, हेही खरं. पण आमच्या रात्री ती माहिती होती. फक्त भिंतीवर पोचली नव्हती.

मग प्रतिकारशक्तीच्या पेशींचा या गोष्टीत काही संबंधच नाही का? आहे, पण रुग्णाच्या नव्हे, घोड्याच्या. थोडं थोडं विष टोचलं की घोड्याच्या लिम्फोसाइट पेशी त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात, तीच शुद्ध करून आपण लस म्हणतो ती विंचू-प्रतिविष लस तयार होते. आपल्या लाल विंचवावरची लस परळच्या हाफकिनमधून येते. वाल्देमार हाफकिन ओडेसामध्ये इल्या मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी होते. मेचनिकॉफ म्हणजे 1882 मध्ये तारामाशाच्या अळीत काटा खुपसून, त्याभोवती गोळा होणाऱ्या भक्षक पेशी पाहणारे शास्त्रज्ञ. पांढऱ्या पेशी लढतात हे आपण शाळेत शिकतो, ते त्यांच्यामुळे. 1908 चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचा विद्यार्थी मुंबईत प्लेगची लस करतो, त्याच्या नावाच्या संस्थेत विंचवाची लस बनते आणि ती महाडला येते, असा हा प्रवास.

लस खरंच उपयोगी आहे का, यावर बरीच वर्षं वाद होता. ट्युनिशियात 800 हून अधिक रुग्णांवर केलेल्या चाचणीत, 1999 मध्ये, सरसकट सगळ्यांना लस देऊन फायदा दिसला नव्हता. पण तिथला विंचू वेगळा आणि त्यातले बरेच दंश सौम्य. महाडच्या चाचणीचा निकाल 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. गंभीर लक्षणांचे 70 रुग्ण, निम्म्यांना प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते लस मिळालेल्या 35 पैकी 32, नुसत्या प्राझोसिनवरच्या 35 पैकी 8. सरासरी वेळ साधारण 8 तास विरुद्ध जवळजवळ 18 तास. मृत्यू टाळण्याचं काम गोळीने आधीच केलं होतं. लसीने रुग्णाची आणि त्याच्या आईची ती लांबलेली रात्र अर्ध्यावर आणली. बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

इथवर वाचून कुणाला वाटेल की सुजेची कल्पनाच चुकीची. तसंही नाही. सांधेतापात ईसीजीवरचं पीआर अंतर लांबतं, म्हणजे एव्ही नोडचा थांबा वाढतो. टी. डकेट जोन्स यांनी 1944 मध्ये केलेल्या निदानाच्या निकषांपासून ते आजवर धरलं जातं. घशातल्या जंतूंविरुद्ध उठलेली प्रतिकारशक्ती हृदयाला ओळखण्यात चूक करते, त्याचा हा परिणाम. विषाणूच्या तापानंतर लिम्फोसाइट हृदयाच्या स्नायूत शिरतात आणि विजेची वाट अडवतात किंवा भलतीच ठिणगी पाडतात, तो खरा मायोकार्डायटिस.

आणि 2017 मध्ये या कथेला अनपेक्षित वळण मिळालं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मथियास नारेनडॉर्फ यांच्या गटाने 'सेल' या नियतकालिकात दाखवलं की निरोगी एव्ही नोडमध्येही भक्षक पेशी भरपूर असतात, माणसात आणि उंदरातही. लढाई नाही, जंतू नाही, तरी त्या तिथे आहेत. हृदयाच्या पेशींशी त्या कनेक्सिन 43 नावाच्या प्रथिनाच्या बारीक बोगद्यांनी जोडलेल्या असतात आणि विजेचा संदेश पुढे सरकायला मदत करतात. उंदरातल्या या पेशी नष्ट केल्या तेव्हा त्यांना हार्ट ब्लॉक झाला. तवारांच्या गाठीत मेचनिकॉफच्या पेशी, 111 वर्षांनी. याच गटाने 2023 मध्ये 'सायन्स'मध्ये उलट बाजूही दाखवली : बाहेरून वरच्या कप्प्यात घुसलेल्या भक्षक पेशी एट्रियल फिब्रिलेशनला, म्हणजे त्या कप्प्याच्या बेताल थरथरीला, खतपाणी घालतात.

विंचू इथेही डोकावतोच. लिम्फोसाइटनाही हृदयासारखीच पोटॅशियमची दारं असतात हे 1984 मध्ये कळलं. त्यातलं एक महत्त्वाचं दार बंद करायला संशोधकांना जे हत्यार मिळालं ते इस्रायलच्या त्याच पिवळ्या विंचवाच्या विषातलं, कॅरिब्डोटॉक्सिन. आपल्या लाल विंचवातूनही 1990 मध्ये आयबेरिओटॉक्सिन वेगळं केलं गेलं, ते दुसऱ्या एका पोटॅशियमच्या दाराची अचूक चावी म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. सरपणातल्या या किड्याला आपण चपलेने मारतो, त्याची ही दुसरी ओळख.

मग धडधडीवर सूज कमी करणारी औषधं द्यावीत का, असं रुग्ण विचारू लागलेत. अजून तरी सरसकट नाही. 2023 मध्येच 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत छातीच्या, पण हृदयाच्या नव्हे अशा, शस्त्रक्रियांच्या 3,000 हून अधिक रुग्णांना कोल्चिसिन किंवा बिनऔषधाची गोळी दिली; एट्रियल फिब्रिलेशन लक्षणीयरीत्या कमी झालं नाही. प्रयोगशाळेतली साखळी छान जुळते म्हणून रुग्णावर चालेलच असं नसतं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाच्या वेळीही साखळी छानच जुळली होती.

विंचूदंशाबद्दल एवढं लक्षात ठेवा. वेदना किती आहे त्यावरून धोका मोजू नका. उलटी, दरदरून घाम, गार हातपाय, लाळ, यांतलं एक जरी दिसलं तरी उतरवणाऱ्याकडे न जाता, आवळून न बांधता, चिरा न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा आणि विंचवाचा रंग सांगा. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही बघू नका. रात्री बाहेर काढून ठेवलेली चप्पल आणि चादर झटकून घ्या.

मावशींना मी दोन ईसीजी शेजारी ठेवून दाखवले. एक नातवाचा, एक माझ्या संग्रहातला जुना, विंचूदंशाचा. "दिराला सूज नव्हती मावशी, त्याचं हृदय वादळात सापडलं होतं. याला खरंच थोडी सूज आहे, पण याच्याकडे वेळ आहे." त्या बराच वेळ दिराच्या म्हणून त्या जुन्या कागदाकडेच बघत राहिल्या, जरी तो त्याचा नव्हता. मग म्हणाल्या, "तेव्हा ती गोळी केवढ्याला मिळायची?" मी सांगितलं की तेव्हा ती इथे कुणी या कामाला वापरतच नव्हतं.

पोराच्या हृदयाचं पंपिंग इकोमध्ये चांगलं होतं. स्टेरॉइड दिलं नाही. सहा महिने कबड्डी बंद, धावणं बंद, डोंगर चढताना दम लागला तर बसायचं, चक्कर आली तर लगेच यायचं. मायोकार्डायटिसमध्ये व्यायामाने घातक ठोके उद्भवू शकतात, म्हणून ही सक्ती. दिवाळीनंतरच्या चोवीस तासांच्या होल्टर तपासणीत अवेळी ठोके बरेच कमी झालेले दिसले, पूर्ण गेलेले नाहीत. पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे. तोवर तो मैदानाच्या कडेला बसून गुण मोजतोय, आणि माझ्यावर रागावलेला आहे.